मध्येच सोडून गेलेले तेवीस

सुगंधा मेस्त्री यांनी सव्वीस वर्षं मुलुंडच्या एका मराठी शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक. पण मुलं त्यांना मेस्त्रीबाईच म्हणायची आणि शिकवणाऱ्या बाईंपेक्षा त्यांनाच जरा जास्त घाबरायची, कारण खोटी रीडिंग त्यांना लांबून ओळखू यायची. लंबकाच्या प्रयोगात एखाद्याचे सगळे बिंदू आलेखाच्या रेषेवर शिस्तीत येऊन बसले, की त्या वही परत सरकवायच्या आणि विचारायच्या, "उत्तर आधी काढलंस, की लंबक आधी सोडलास?"

२०२१च्या एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला. साधाच. इस्पितळात जावं लागलं नाही, ऑक्सिजन उतरला नाही, बाराव्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्यांचे यजमान दत्ताराम यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सुटलो म्हणून सांगून टाकलं. ताप गेला, पण बाई काही पूर्वीच्या झाल्या नाहीत. एखादा दिवस बरा जायचा. त्या दिवशी चार कामं जास्त केली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. केस विंचरायला हात वर धरवेना. साधे शब्द आठवेनात. एकदा त्यांनी दत्तारामांना चहात घालायचं ते पांढरं आणायला सांगितलं. ते दूध घेऊन आले. साखर हा शब्द बाईंना संध्याकाळी सापडला.

शाळेत उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तपासण्या सगळ्या नॉर्मल. एका डॉक्टरांनी मन रमवा म्हणून भजनी मंडळ सुचवलं, दुसऱ्यांनी वजन कमी करायला. दत्ताराम आयुष्यभर एका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक होते, त्यांचं मत वेगळं होतं. "मोटार बरी, वायरिंग बरा, तरी लिफ्ट मदीच थांबता," ते म्हणाले. "असता असा कदी कदी." चार वर्षांत कानावर आलेल्या निदानांपैकी बाईंना हेच सगळ्यात पटलं होतं.

२०२५च्या सुरुवातीला त्यांच्या वाचनात एक आवाहन आलं. घाटकोपरची एक संशोधन संस्था एक मोठी पाहणी करत होती. संसर्ग बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या आजारांवर कोविडनंतर संशोधनाचा पूर आला होता. त्यातलं विश्वास ठेवण्याजोगं किती, हे त्यांना तपासायचं होतं. प्रत्येक संशोधनाला एक डॉक्टर आणि एक पेशंट असे दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, अशी पद्धत. त्यासाठी त्यांना वाचणारे पेशंट हवे होते. बाईंनी अर्ज केला. अनुभव या रकान्यात त्यांनी 'दहावीची जर्नल तपासणे, २६ वर्षे' असं लिहिलं, आणि त्यांची निवड झाली.

पहिल्या दिवशी दत्ताराम त्यांना रिक्षाने घेऊन गेले. संस्था तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाई वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी वर फोन लावला. डॉ. अनिरुद्ध सोनकांबळे नावाचा एक तरुण कागदांचा गठ्ठा घेऊन धावत खाली आला. त्याने माफी मागितली, पण बोलता बोलता हेही सांगितलं, की बाकीचे तीन पेशंट जिना चढून वर आलेत.

"मग ते माझ्यापेक्षा बरे आहेत," बाई म्हणाल्या. "तुमची निवड या जिन्यानेच केली."

अनिरुद्ध हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने ते वाक्य गठ्ठ्याच्या पाठीवर लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता तोच मुलुंड पूर्वेला बाईंच्या घरी यायला लागला.

अनिरुद्ध एकतीस वर्षांचा होता. वडील नांदेडहून येऊन पोस्टात लागलेले. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात तो वाढला आणि घरातला पहिला डॉक्टर झाला. तिथवर पोचायला त्याला प्रत्येक नियम नीट वाचावा लागला होता, त्यामुळे नियमांवर आणि छापील मजकुरावर त्याचा फार विश्वास. शोधनिबंधाला तो पेपर म्हणायचा. दत्ताराम सोसायटीत सांगत सुटले, की हल्ली आमच्याकडे पेपर वाचायला डॉक्टर येतो.

गुण द्यायचा तक्ता ठरलेला होता. बारा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. पेशंट कसे निवडले, तुलनेला दुसरा गट होता का, मोजमाप कसं केलं, असे. पहिला पेपर एका टॉनिकवरचा होता. अनिरुद्धने तुलनेचा गट नाही म्हणून कडक व्हायचं ठरवून पंधरा दिले होते. बाईंनी तीन दिले होते.

त्याने कारण विचारलं, तेव्हा बाईंनी शेवटचा तक्ता उघडून त्याच्यापुढे धरला. तीस पेशंट, आणि तिसांच्या तीस जणांना पंधरा दिवसांत अडतीस ते बेचाळीस टक्के आराम. बाईंचं म्हणणं, तीस माणसं घेतली तर त्यात एकाला तरी त्या पंधरवड्यात जुलाब होतात, एकाची सासू वारते, एक जण गोळ्या घ्यायलाच विसरतो. एवढी सारखी बरी होणारी माणसं त्यांनी फक्त दहावी ब मध्ये बघितली होती. अनिरुद्धने तक्ता पुन्हा पाहिला आणि पंधराचे सहा केले.

पुढची पाहणी इंटरनेटवरून केलेली होती. इंग्रजी फॉर्म, प्रश्न एकशे दहा, वेळ पाऊण तास. बाई म्हणाल्या, हा फॉर्म ज्याने शेवटपर्यंत भरला तो बरा झाला असं समजायला हरकत नाही. आणखी एका पेपरात म्हटलं होतं, की हा त्रास बायकांत जास्त दिसतो कारण त्या आपल्या लक्षणांकडे जास्त लक्ष देतात. तिथे शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी एकच मालवणी शब्द लिहिला होता. अनिरुद्धने त्याचा अर्थ विचारला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि दत्ताराम चहा आणायला उठले. अहवालात तो रकाना कोरा गेला.

पण बाई दर वेळी बरोबर असायच्या असं नाही. परदेशातला एक मोठा अभ्यास आला. नऊशे लोक, दोन वर्षं दर तीन महिन्यांनी घरी फोन, सगळं चोख. त्यातले बहुतेक जण दोन वर्षांत बरे झाले होते. अनिरुद्धने बावीस दिले होते, बाईंनी नऊ. तो एकेक प्रश्न घेऊन विचारत गेला. पाचव्या प्रश्नाला शून्य का, तर बाईंकडे उत्तर नाही. सातव्याला का, तर पुन्हा नाही. शाळेतल्या लंबकाची गोष्ट तोवर त्याला माहीत झाली होती. त्याने जरा धीर केला.

"बाई, उत्तर आधी काढलंत, की लंबक आधी सोडलात?"

बाईंनी पेपर मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "हे लोक दोन वर्षांत बरे झाले. माझं चौथं संपत आलंय."

त्याने गार झालेला चहा पिऊन टाकला आणि निघाला. पुढच्या मंगळवारी बाईंच्या तक्त्यावर नवाच्या जागी एकवीस होते. बाविसावा गुण त्यांनी दिला नव्हता. तो कशाबद्दल कापला हे त्यानेही विचारलं नाही.

त्यानंतर दोघांचं जमलं. तो तुम्ही-आम्ही करायचा, त्या त्याला कधी डॉक्टर म्हणायच्या, कधी अरे-तुरे करायच्या, तो किती चुकला असेल त्यावर ते ठरायचं. बाईंना झेपेल तेवढंच काम होई. कधी दोन पेपर, कधी अर्धा. काही दिवशी तो यायचा आणि दत्ताराम दारातच मान हलवायचे, मग तो कागद ठेवून परत जायचा. एका शुक्रवारी एका औषधावरचा पेपर निघाला. औषधाने काहीही फरक पडत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. बाईंनी त्याला चोवीसपैकी चोवीस दिले. अनिरुद्धला बरं वाटलं, आणि नंतर चष्म्याच्या घराशेजारी त्याच औषधाची पट्टी त्याच्या नजरेला पडली. बाई ते दीड वर्ष घेत होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की पेपर प्रामाणिक आहे, आणि उरलेल्या चार गोळ्या संपवूनच टाकते.

एका बाबतीत मात्र बाई हटून बसल्या. जवळजवळ प्रत्येक अभ्यासात काही लोक मध्येच सोडून जायचे. किती गेले तो आकडा दिला, की तक्त्याप्रमाणे पूर्ण गुण. बाई दर वेळी विचारायच्या, पण ते गेले का? अनिरुद्ध सांगायचा, की तक्त्यात तो प्रश्न नाही. बाई म्हणायच्या, की मग घाला. शाळेत एखादा मुलगा प्रयोग अर्धवट टाकून निघाला, तर तो कंटाळला की त्याच्या हातावर ॲसिड सांडलं, हे बघायला नको का? तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर त्याने तो मुद्दा घाटकोपरच्या बैठकीत मांडला. दोन बैठका वाद झाला आणि अखेर तेरावा प्रश्न तक्त्यात बसला. सोडून गेलेल्यांना कारण विचारलं का?

सत्ताविसावा पेपर जूनमध्ये आला. बाई नेहमी आधी तक्ते बघायच्या, मजकूर नंतर. मुंबईच्या पूर्व उपनगरातलं एक रुग्णालय. कोविडनंतर थकवा राहिलेले चौसष्ट पेशंट, बारा आठवडे चालण्याचा व्यायाम, दर आठवड्याला थोडा वाढवत न्यायचा. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२. एकेचाळीस जणांनी पूर्ण केला, त्यातल्या तेहेतीस जणांना बरं वाटलं, म्हणजे ऐंशी टक्के. तेवीस जणांनी वैयक्तिक कारणांमुळे सोडला. अनिरुद्धने तो घरी वाचून जुन्या बारा प्रश्नांचे बावीस गुण आधीच देऊन ठेवले होते.

बाईंनी कागद खाली ठेवले. अनिरुद्धला वाटलं त्या थकल्या, म्हणून तो आवराआवर करायला लागला.

"मला हा तपासता येणार नाही," बाई म्हणाल्या. "या चौसष्टांत मी आहे."

त्याने आवरलेला पेपर पुन्हा उलगडला.

"आणि तेविसांतही."

कुठल्या अभ्यासाशी स्वतःचा संबंध असेल तर त्याला गुण द्यायचे नाहीत, त्याबद्दल बोलायचंही नाही, हा नियम अनिरुद्धनेच पहिल्या दिवशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभं राहून त्यांना वाचून दाखवला होता. आता त्याच नियमाची त्याला फार अडचण झाली. ज्या एका माणसाला या तेविसांचं काही ठाऊक होतं, ते समोर बसलं होतं. तो जरा घुटमळला आणि त्याने विचारलंच, "बाई, तुम्ही का सोडलंत?"

"ते मी तुला सांगायचं नाही. आणि ते तू विचारायचंही नाहीस," बाई म्हणाल्या. "त्यांनी विचारायला हवं होतं."

मग त्यांनी पेपरवरचं पहिलं नाव वाचलं. डॉ. सुबोध कर्णिक. आणि अनिरुद्धला विचारलं, की तुझी यांच्याशी काही ओळखदेख नाही ना. अनिरुद्धचे कान लाल झाले. कर्णिक सर त्याचे एम.डी.चे गाइड. नोकरीची शिफारस त्यांची, लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. पण नियमात तीन वर्षांची मर्यादा होती आणि त्याला पास होऊन चार वर्षं झाली होती. तो हे सगळं जरा घाईघाईने बोलला.

"नियमात बसतं ना," बाई म्हणाल्या. "मग झालं तर."

त्यांनी दत्तारामांना हाक मारून चहा टाकायला सांगितला. त्यानंतर पेपराबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्याने तो पेपर पुन्हा काढला. सरांनी हेच संशोधन एका परिषदेत मांडलं होतं, तेव्हा तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. 'वैयक्तिक कारणांमुळे' हे दोन शब्द त्याने तेव्हाही ऐकले होते आणि ते त्याला अगदी पुरेसे वाटले होते. आता तो बारीक अक्षरातली पुरवणीही शोधत गेला. कुठेच काही नव्हतं. तेराव्या प्रश्नापुढे त्याने शून्य लिहिलं. माहिती अपुरी असेल तर लेखकाला पत्र पाठवून विचारावं, असाही एक नियम होता, आणि तो त्याला पाठ होता.

सहा ओळींचं पत्र लिहायला त्याला दहापासून एक वाजेपर्यंत वेळ लागला. पहिल्या मसुद्यात चार ओळी आदराच्या होत्या आणि दोन प्रश्नाच्या. दुसऱ्यात पाच आदराच्या झाल्या. आई जेवायला ये म्हणून दोनदा हाक मारून गेली, तेव्हा कुठे त्याने आदर एका ओळीत बसवला आणि पत्र पाठवलं.

आठ दिवस काही उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी सरांचाच फोन आला. सर नाराज नव्हते, निदान तसं ते म्हणाले. पेपर दोन वर्षं जुना आहे, परदेशातल्या दोन तज्ज्ञांनी तो तपासून मग छापला आहे, अनिरुद्ध खोलात जातो ही चांगलीच गोष्ट आहे, पण ओपीडी म्हटली की पेशंट येतात आणि जातात. लोक कंटाळतात. चालण्यासारख्या गोष्टीला तर फारच लवकर कंटाळतात.

"कंटाळले असतील, सर," अनिरुद्ध म्हणाला. "पण आपण त्यांना विचारलं होतं का?"

त्या अभ्यासात तो स्वतः नव्हता. 'आपण' हा शब्द त्याने सरांच्या सोबतीला म्हणून घातला होता. मग बघतो, एवढं म्हणून सरांनी फोन ठेवला.

डॉ. कर्णिक माणूस चांगला होता. फक्त कामात इतका बुडालेला, की चांगुलपणाला वेळ काढावा लागे. त्यांनी वेळ काढला. जुन्या कपाटातून अभ्यासाचे फॉर्म बाहेर काढले आणि स्टुलावर बसून तेवीसच्या तेवीस वाचले. फॉर्म त्यांनी स्वतः तयार केलेला होता. सोडून जाण्याच्या कारणाला तीन चौकोन होते: गाव बदलले, संपर्क झाला नाही, वैयक्तिक कारण. त्रास वाढला, असा चौकोनच नव्हता. व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट दीप्ती तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली होती. तिने सगळीकडे इमानदारीत वैयक्तिक कारणावर खूण केली होती. पण अकरा फॉर्मांच्या कडेला तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप. तीन दिवस झोपून. मुलाचा फोन, आई उठत नाही. आकडेवारी भरणाऱ्याने कडेचं काही पाहिलं नव्हतं, कारण कडेचं पाहायचं असतं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दीप्ती आता बोरिवलीत स्वतःचं क्लिनिक चालवते. सरांनी तिला बोलावून घेतलं आणि दोघांनी ठरवलं, की तेवीसच्या तेवीस जणांना फोन करायचा. उशीर तीन वर्षांचा झाला होता, पण करायचा.

जुलैतल्या एका दुपारी बाईंचा फोन वाजला. दीप्तीने आपली ओळख करून दिली. काकू, तुम्हाला आठवत नसेल, असं म्हणाली. बाईंना आठवत होतं. तिने आधी तब्येत विचारली आणि मग कागदावर लिहून घेतलेला प्रश्न वाचावा तसा विचारला: व्यायामाचा कार्यक्रम तुम्ही मध्येच का सोडलात?

बाईंनी दत्तारामांना टीव्ही बंद करायची खूण केली.

"चौथ्या आठवड्यात मी वीस मिनिटं चालले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. घरी आले ती तीन दिवस उठले नाही. चौथ्या दिवशी पुन्हा आले, तर तू म्हणालीस, छान, आज पंचवीस करू."

"हो," दीप्ती म्हणाली.

"पंचवीस केले. मग दोन महिने घरातल्या घरात भिंत धरून चालायचे. तुमच्याकडून एक फोन आला होता, येणार का म्हणून. यांनी नाही म्हणून सांगितलं. का, ते विचारलं नाहीत."

"मी कडेला लिहिलं होतं, काकू. पेन्सिलीने. त्याला रकानाच नव्हता."

"पेनाने लिहायचं गं," बाई म्हणाल्या. "मीही तोंड उघडलं नाही म्हणा. बाकीच्या चालत होत्या. मला वाटलं, माझ्यातच जोर कमी आहे."

दीप्तीने हळू आवाजात सॉरी म्हटलं. बाईंनी तिच्या क्लिनिकची चौकशी केली, चांगलं चाललंय का, एकटीच बघतेस का, आणि बोरिवलीत कुठे ते विचारून फोन ठेवला. दत्तारामांनी कोण होतं म्हणून विचारलं. बाईंनी पदराने चष्मा पुसला. तो तसा स्वच्छच होता.

"विचारल्यानी एकदाचा," त्या म्हणाल्या.

तेविसांपैकी एकोणीस जण फोनवर भेटले. चौदा जणांचा त्रास व्यायामानंतर वाढला होता. दोघं गावी गेले होते. उरलेले तिघं चक्क बरे झाले होते आणि कंटाळून यायचे बंद झाले होते. म्हणजे सर अगदीच चुकले नव्हते. बाईंना हे नंतर कळलं, तेव्हा त्यांनी त्या तिघांची नोंद ठळक केली आहे ना, याची आधी खात्री करून घेतली.

डॉ. कर्णिकांनी त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आणली. आठ ओळी, शेवटच्या पानावर, तळाशी. चालून तेहेतीस जणांना बरं वाटलं हे त्यात कायम होतं, पण किमान चौदा जणांचं बिघडलं, हेही होतं. ऐंशी टक्के हा आकडा त्यांनी स्वतःहून मागे घेतला. त्यांच्या रुग्णालयात आता व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेशंटला फोन जातो आणि ज्याचा त्रास वाढला त्याचा व्यायाम तिथेच थांबतो. अनिरुद्धला सरांनी फोन करून एवढंच सांगितलं, की तुझं पत्र फार रुक्ष होतं. अनिरुद्धने पहिला मसुदा पाठवायची तयारी दाखवली. सर नको म्हणाले.

पेपरची प्रतवारी 'चांगली'वरून 'मध्यम'वर आली. बैठकीत कुणीतरी 'वाईट' म्हणून सुचवलं होतं. अनिरुद्धने ऐकलं नाही. विचारल्यावर त्यांनी शोधून उत्तर दिलं, हे बाकी किती जणांनी केलं, असा त्याचा सवाल होता. आणि खरंच, पाहणीत एकूण बावन्न पेपर होते. सोडून गेलेल्यांना कारण विचारणारे त्यात फक्त नऊ निघाले. बाईंना या सत्ताविसाव्यावर मत द्यायचा अधिकार नव्हता. मी काही बोलत नाही, एवढंच त्या म्हणाल्या, पण अशा सुरात, की अनिरुद्धने घाईने अठ्ठाविसावा काढला.

डिसेंबरात पाहणी पुरी झाली. तिच्यातून औषध काही सापडलं नाही. बाईंची तब्येत होती तशीच आहे. बरे दिवस थोडे जास्त येतात, की त्या आता बऱ्या दिवसाला जपून वापरतात, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. दोनच दिवसांची रीडिंग घेऊन निष्कर्ष काढायला त्या तयार नाहीत.

अहवाल छापायला गेला, तेव्हा लेखकांच्या यादीत त्यांचं नाव तिसरं होतं. प्रत्येक नावापुढे संस्था लिहावी लागते आणि तो रकाना रिकामा सोडला तर संगणक पुढे जाऊ देत नाही. अनिरुद्धने फोन करून विचारलं, स्वतंत्र संशोधक लिहू का. बाईंना ते फार मिरवल्यासारखं वाटलं. शाळेचं नाव घालावं, तर शाळा सोडून चार वर्षं झालेली. मग त्यांनी विचारलं, की काम ज्या ठिकाणी झालं तेच लिहायचं असतं ना. तो हो म्हणाला. त्याप्रमाणे छापून आलं: एस. मेस्त्री, घर, मुलुंड पूर्व.

दत्तारामांनी ते पान दोनदा वाचलं. घराच्या करारनाम्यावर दोघांचीही नावं आहेत, तेव्हा आपलंही नाव अर्धं छापून आलं असं समजायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि तसं ते सोसायटीत खाली जाऊन सांगूनही आले.